बिनदोऱ्याची शिलाई

आमच्या वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई राहते. इमारतीत सगळे तिला वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणते. तिचा नवरा येता-जाता प्रत्येकाशी दोन शब्द बोलणारा माणूस होता, त्याच्या ओळखीनं ती सगळ्यांची वहिनी झाली. तो गेला, नाव राहिलं.

तो गेला अकरा दिवसांच्या आजारात. पुढच्या आठवड्यात मी भेटायला वर गेले, तेव्हा काय बोलायचं ते जिना चढताना मनात घोळवून ठेवलं होतं. ती मशीनवर बसून एका हॉटेलच्या उशांचे अभ्रे शिवत होती. साठ अभ्रे होते. तिनं मला खुर्ची दिली आणि म्हणाली, "शुक्रवारी द्यायचेत." मी घोळवलेलं सगळं तसंच घेऊन खाली आले.

पुढे आमचं येणं-जाणं वाढल्यावर तिनं मला त्या दिवसांबद्दल सांगितलं. "लोक यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, ताई. मला वाटायचं, यांना किती वेळ ताटकळत ठेवायचं, दोन थेंब काढावेत आणि मोकळं करावं. पण येतच नव्हते. भूक नसायची, पण जेवायचे. कुणी विनोद केला तर हा विनोद आहे एवढं कळायचं." हे सांगतानाही ती दाताखाली दोरा धरून बटण लावत होती.

घरात आता दोघंच उरली होती. ती आणि तिचे सासरे.

सासऱ्यांना सगळे मोजणीदार म्हणायचे. जमिनींच्या मोजणीच्या खात्यात त्यांची नोकरी झाली होती. साखळी आणि खुणेचे खांब घेऊन ते आयुष्यभर रानोमाळ चालले होते. आपलं एक पाऊल किती इंचांचं हे त्यांना तोंडपाठ होतं. चालताना बोलणाऱ्या माणसाचा त्यांना राग यायचा, मोजणी चुकते म्हणून. मुलानं घरी न विचारता लग्न केलं होतं, आणि ही गोष्ट विसरायची असं त्यांनी काही ठरवलेलं नव्हतं. सासरे-सुनेचं वाकडं नव्हतं, पण सरळही नव्हतं. चहा, पेपर, औषध आणि "दिवा बंद कर" एवढ्यात सतरा वर्षं भागली होती.

मुलगा गेल्यावर दीड-दोन वर्षांत मोजणीदारांना कंपवात झाला. हात थरथरायचे ते वेगळंच, खरा घोटाळा पायांचा होता. आतल्या खोलीतून बाहेर यायला निघाले की दाराशी येऊन पाय जमिनीला चिकटायचे. समोर काही अडथळा नसायचा. माणूस उभा, चौकटीला धरलेला, कपाळावर घाम, आणि पाय काही उचलत नाही. मोरी बाहेरच्या खोलीच्या पलीकडे होती. वहिनी हाताला धरून ओढू लागली तर ते ओरडायचे, "ओढू नकोस, मी काय बैल आहे?" सोडलं तर तिथंच उभे. एकदा दाराशीच त्यांचं धोतर ओलं झालं. तिनं फरशी पुसली, त्यांना कोरडं नेसवलं. त्या दिवशी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मला यातलं तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. पहाटे साडेपाच ते आठ ही माझी कामाची वेळ, कारण तेव्हा इमारत झोपलेली असते. एका उन्हाळ्यात त्याच वेळेला डोक्यावर मशीन सुरू होऊ लागलं. वहिनीचं मशीन पायानं चालवायचं, जुनं, लोखंडी. खट्-खट्, खट्-खट्, चार मिनिटं, की बंद. पुन्हा दहा मिनिटांनी चार मिनिटं. दुपारीही तसंच. शिवणारी बाई अशी तुकड्या-तुकड्यानं कशाला शिवेल, हे मला कळेना. पंधरा दिवस मी सोसलं. मग एका सकाळी एका पानावर तीन चुका माझ्या नजरेतून निसटल्या, आणि मी चष्मा तसाच नाकावर ठेवून तावातावानं जिना चढले.

दार उघडंच होतं. वहिनी मशीनवर बसली होती. तिचे पाय खालीवर होत होते, चाक फिरत होतं, सुई वरखाली होत होती. सुईत दोरा नव्हता. सुईखाली कापडही नव्हतं. आणि आतल्या खोलीच्या दारातून मोजणीदार बाहेर येत होते, कुणाचाही आधार न घेता, मान थोडी पुढे, खट् म्हटलं की डावा, खट् म्हटलं की उजवा. ते मोरीच्या दारात पोचले, कडी धरली. वहिनीनं पाय थांबवले.

"पोचले," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "काही हवं होतं का, ताई?"

"नाही गं," मी म्हटलं. "साखर संपली होती."

तिनं वाटीभर साखर दिली. ती घेऊन मला खाली यावं लागलं.

हे कसं सुचलं ते तिनं मला नंतर सांगितलं, आणि सुचलं असं ती म्हणतच नाही. आरोग्य केंद्रातून महिन्यातून दोनदा व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई यायच्या. तरुण होत्या, समजावून सांगायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "आपण चालतो तेव्हा आत एक ठेका आपोआप वाजत असतो. यांचा तो बंद पडलाय. बाहेरून दिला तर पाय उचलतील. गाणी लावा, नाहीतर टाळ्या वाजवा. काहीही चालेल, फक्त एकसारखं हवं." त्यांनी वहिनीच्या मोबाईलवर टिक-टिक करणारं काहीतरी घालून दिलं. मोजणीदारांनी ते दोन दिवस ऐकलं आणि म्हणाले, "हे पाल चुकचुकल्यासारखं काय लावलंयस? बंद कर." रेडिओवर गाणं लागलं तर ते चालायचं सोडून गाणं ऐकत उभे राहायचे. वहिनीनं स्वतः गावं असं डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, तेव्हा तिनं सरळ नाही म्हटलं. शाळेत बाईंनी तिला समूहगानातून बाजूला घेतलं होतं आणि सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून तिनं कधी गुणगुणलंही नव्हतं.

मग एके दिवशी लांब पडदे शिवायचे होते. पडद्याची कड म्हणजे दहा-दहा फुटांची सरळ टीप, कुठं वळायचं नाही की थांबायचं नाही. ती आपल्या नादात पाय मारत होती. कड संपली, बॉबिनमधला दोरा संपला, म्हणून ती थांबली, आणि मान वर केली तर मोजणीदार खोलीच्या मधोमध उभे. दारात नाही, मधोमध. एक पाय पुढे, एक मागे.

"थांबू नकोस," ते म्हणाले.

"दोरा संपला, बाबा."

"मग बिनदोऱ्याचं चालव."

तिनं चालवलं. ते चालत खुर्चीपर्यंत आले, बसले आणि म्हणाले, "तेरा पावलं."

एवढंच झालं. मी तिला विचारलं, "तुला काय वाटलं गं तेव्हा?" तिनं विचार केला. "काही नाही. मनात आलं, आता फरशी पुसावी लागणार नाही."

त्यानंतर त्या घराचा दिनक्रमच मशीनवर चालू लागला. सकाळी मोरी, मग चहाची खुर्ची, मग खिडकी, दुपारी परत आत. खडूनं रेघ मारावी तशी मोजणीदारांची फर्मानं असायची. "जरा हळू, तू मला पळवतेयस." "आता बरोबर." "वळताना दोन ठेके जास्त दे." एकमेकांशी ती दोघं इतकं कधीच बोलली नव्हती, आणि विषय मात्र सगळा पायांचा. मीही माझ्या कामाची वेळ बदलली नाही. छतावरचा तो आवाज आला की मी पेन्सिल खाली ठेवायचे आणि मनात तेरापर्यंत मोजायचे.

मग नणंद आली. ती लांबच्या शहरात नोकरी करते, मनानं फार चांगली बाई. वहिनीच्या घोट्यांवर सूज आलेली तिनं पाहिली आणि तिचा जीव कळवळला. वहिनी गणवेश पोचवायला गेली होती, तेवढ्या दोन तासांत नणंदेनं माणूस बोलावून मशीनला मोटर बसवून घेतली. बटण पायाखाली दाबलं की झालं. वहिनी आली तेव्हा नणंद तिला हात धरून मशीनपाशी घेऊन गेली. "आता पाय मारत बसायचं नाही, कळलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीदार दाराशी आले. वहिनीनं बटण दाबलं. मशीन घर्रर्र करून सुरू झालं. त्यात खट् नव्हतं, नुसती एक लांबच लांब घरघर. मोजणीदारांचे पाय होते तिथेच राहिले, पण अंगानं पुढे जायला सुरुवात केली होती. ते तोंडावर पडले. भुवईला तीन टाके पडले.

दवाखान्यात मीही बरोबर गेले होते. नणंद ओक्साबोक्शी रडत होती, स्वतःला दोष देत होती. वहिनी मोजणीदारांच्या भुवईकडे नीट बघून मला म्हणाली, "जवळजवळ घातलेत. चांगले आहेत टाके."

नणंदेनं ते ऐकलं. "वहिनी, तुला काहीच कसं होत नाही गं?" ती म्हणाली. "दादा गेला तेव्हाही तू अशीच. तुला आत काही आहे की नाही?"

बाकड्यावर बसलेली माणसं आमच्याकडे बघू लागली. वहिनीनं नणंदेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"नाही होत," ती म्हणाली. "मी काय करू? मी वाट बघते आहे."

घरी येऊन तिनं स्क्रू काढले, मोटर उतरवली, कागदात गुंडाळून नणंदेच्या पिशवीशेजारी ठेवली आणि जुना चामडी पट्टा चाकावर परत चढवला. संध्याकाळी मोजणीदार पुन्हा दाराशी उभे राहिले, भुवईवर पट्टी. तिनं पाय मारायला सुरुवात केली. त्यांनी बराच वेळ पाय उचलला नाही, भीती बसली होती. ती मारत राहिली. सात-आठ मिनिटांनी त्यांनी उचलला. खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "पाय पक्का आहे तुझा. माझ्या साखळीवाल्यांत असा एकच होता." सतरा अधिक तीन वर्षांत त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं कौतुक. वहिनी म्हणाली, "दूध घेता का?"

पुढचा प्रश्न घराबाहेरचा होता. मशीन काही काखोटीला मारून नेता येत नाही. तिच्या डब्यात दोऱ्याच्या दोन जुन्या लाकडी रिळा होत्या. त्या एकमेकींवर आपटल्या की कोरडा, स्वच्छ आवाज निघायचा. ती पुढे उलटी चालत रिळा वाजवायची आणि मोजणीदार मागून यायचे. आधी गच्चीत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग बुधवारी दुपारी आरोग्य केंद्रापर्यंत. गल्लीतल्या लोकांना पहिले आठ दिवस मौज वाटली, मग कुणी लक्ष देईना.

केंद्रात डॉक्टरीणबाईंनी पाहिलं की वहिनीच्या रिळांवर मोजणीदारच नाही, तिथे बाकावर बसलेली आणखी दोघंतिघंही उठून पावलं टाकतायत. त्यांनी मोबाईल लावून मोजलं. दहा मिनिटं वहिनी वाजवत होती, पहिल्या मिनिटाला ब्याण्णव ठोके, दहाव्या मिनिटालाही ब्याण्णव.

"तुम्ही कुठं शिकलात हे?" त्यांनी विचारलं.

"शिकले नाही. मला सूर नाही," वहिनी म्हणाली.

"सूर कुणाला हवाय? दर बुधवारी याल का? सहा जणं आहेत माझ्याकडे."

वहिनी नाही म्हणाली. पण मोजणीदारांना घेऊन जायचंच असायचं, आणि तिथे गेल्यावर रिळा पिशवीत ठेवून बसायचं तरी कसं. त्यामुळे कुणीही काहीही न ठरवता तो तिचा वर्ग झाला. ती मध्ये उभी राहायची, सहा म्हातारी माणसं तिच्याभोवती गोल चालायची. चेहऱ्यावर काही नसायचं. एकदा एका आजीनं तिचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "पोरी, तुझ्यामुळे मी काल नळापर्यंत एकटी गेले." वहिनीनं मला हे सांगितलं ते आज कोथिंबीर महाग होती असं सांगावं तसं. "तिचे डोळे भरले होते, ताई. मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणतात?"

मोजणीदार त्या हिवाळ्यात गेले. छातीत कफ झाला, दवाखान्यात चार दिवस. वहिनी कॉटशेजारी बसून असायची. तिसऱ्या दिवशी ते डोळे उघडेनात, तेव्हा तिनं नखानं कॉटच्या लोखंडी दांड्यावर हलकेच वाजवायला सुरुवात केली, तोच ब्याण्णवचा ठेका. "पाय हलले नाहीत," तिनं मला सांगितलं. "हलतील असं मला वाटलंही नव्हतं. नर्स म्हणाली, बाकीच्यांना त्रास होतो. मग थांबले."

चौथ्या दिवशी सगळं आटोपून आम्ही घरी आलो. नणंद आली होती, ती रडून रडून झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी कामाला बसले आणि वर मशीन सुरू झालं. खट्-खट्, खट्-खट्. मी तेरापर्यंत मोजलं, पुढेही मोजत राहिले. चार मिनिटांनी ते थांबलं. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "जाग आली होती. पायांना सवय आहे." त्यानंतर त्या वेळेला ते पुन्हा वाजलं नाही.

बुधवारी ती वर्गाला जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण साडेतीनला ती जिना उतरताना दिसली, पिशवी घेऊन. ती दर बुधवारी जात राहिली. रिळा वाजवायची, परत यायची, गणवेश शिवायची. चार-पाच महिने असेच गेले. मला आपली आशा असायची की आज काहीतरी वेगळं सांगेल. ती सांगायची, सहा होते, पाच आले, एकाला ताप आहे.

मग वर्गात एक नवे गृहस्थ आले. बसचे निवृत्त ड्रायव्हर, अंगानं दांडगे, आवाजानं त्याहून दांडगे. कंपवातानं पाय अडायचे, तोंड नाही. त्यांचं आणि ठेक्याचं पहिल्या दिवसापासून जमेना. ते नेहमी अर्धं पाऊल पुढे. वहिनीनं सांगितलं की म्हणायचे, "बाई, मला वेळेच्या आधी पोचायची सवय आहे," आणि सगळ्यांना हसवायचे. तिनं तीन आठवडे चालवून घेतलं.

चौथ्या बुधवारी ती संध्याकाळी परत आली ती धाडधाड जिना चढत. मी दारातल्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. ती माझ्यासमोर थांबली. तिचे कान लाल झाले होते.

"तो माणूस!" ती म्हणाली.

"कोण माणूस?"

"ड्रायव्हर! ताई, आज त्यानं स्वतः टाळ्या वाजवायला सुरुवात केली! मी मध्ये उभी, माझ्या हातात रिळा, आणि हा आपला टाळ्या वाजवतोय, त्याही वाकड्यातिकड्या. आजींना कळेना कुणाचं ऐकायचं. पडता पडता वाचल्या त्या! मी धरलं म्हणून!"

"मग तू काय केलंस?"

"ओरडले. 'बसा खाली!' म्हटलं. एवढ्या मोठ्यांदा ओरडले की बाहेरची शिपाईबाई आत आली बघायला. म्हटलं, तुम्हाला पुढं जायचंय ना, मग जा रस्त्यावर, इथं माझ्या ठेक्यावर चालायचं. माझ्या! डॉक्टरीणबाईसुद्धा गप्प."

तिची पिशवी हातात लटलट हलत होती. इतक्या वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. मी चिमटे हातात धरून नुसती ऐकत राहिले. मध्ये बोलले असते तर हे थांबलं असतं, अशी मला धास्ती वाटत होती. ती वीस मिनिटं बोलली. त्याचं हसणं कसं आहे, तो खुर्ची कशी ओढतो, दुसऱ्याच्या पाळीत कसा घुसतो. मग एकदम थांबली, कपाळावरून हात फिरवला, "जाते, कुकर लावायचाय," म्हणाली आणि वर गेली. मी दार लावणार, तोच ती चार पायऱ्या उतरून परत आली.

"आणि सॉरी म्हणाला नाही तो," ती म्हणाली. "ते सांगायचं राहिलं."

ते गृहस्थ अजून वर्गात आहेत. ती त्यांना रांगेत सगळ्यात शेवटी ठेवते आणि त्यांच्यावर डोळा ठेवून असते. त्यांनी दुसऱ्या महिन्यात माफी मागितली, तर ती म्हणाली, "उशीर झाला," आणि मग स्वतःच हसली, असं डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. वहिनी म्हणते, हसले वगैरे नाही, ठसका लागला होता.

रडू अजून आलेलं नाही. मी विचारत नाही, तीच मधूनमधून सांगते, बटण लावता लावता. "काल वाटलं येईल म्हणून. बसून राहिले थोडा वेळ. मग नाही आलं." मग ती दोरा तोडते आणि दुसरं बटण घेते. बुधवारी साडेतीनला जिन्यावर तिची पावलं वाजतात. वर्गात आता नऊ जणं आहेत, दोघांना चाकाच्या खुर्चीतून आणावं लागतं, आणि खोली लहान पडते म्हणून तिनं मोठ्या खोलीसाठी अर्ज करायचं ठरवलंय. अर्जाचं शुद्धलेखन मी तपासणार आहे. तिनं बजावलंय, मजकुरात ढवळाढवळ करायची नाही.